दयानंद, वय पंचेचाळीस

मी जयसिंगराव. वय सदुसष्ट. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आलं आणि इथलंच झालं, तेव्हा माझ्या मराठीत स्वल्प कन्नड सापडलं तर हसू नका. पुण्या-मुंबईची पोरं हसतात. हसू देत. दहा-दहा वर्षं इथे काढून त्यांना रिक्षावाल्याला 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच म्हणता येतं, आणि कन्नड पेपर हातात दिला तर तो उलटा धरलाय की सुलटा हेसुद्धा कळत नाही.

माझं महत्त्व वाढलं ते तिथूनच. कारखान्यातून निवृत्त झालो, मुलाबरोबर व्हाइटफील्डच्या फ्लॅटात राहायला आलो, आणि रिकामपण अंगावर यायला लागलं. आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तीनशेच्या वर माणसं. त्यात मी रोज सकाळी दोन कन्नड पेपर वाचून मराठीत सारांश टाकायला लागलो. आठच्या आत, म्हणजे पोरं ऑफिसच्या कॅबमध्ये बसायच्या आधी. आरोग्य, कायदा, गुन्हे, असे तीन भाग. आरोग्य बायका वाचत, कायद्यावर पुरुष भांडत, आणि गुन्हे सगळेच वाचत पण तसं कबूल कोणी करत नसे. तीन वर्षं एक दिवस चुकला नाही. आणि त्या तीन वर्षांत मी एकदाही दुरुस्ती टाकली नाही, हेही मी अभिमानाने सांगायचो. आता सांगताना जीभ जड होते.

ग्रुपच्या वाढदिवसांची यादीही माझ्याकडेच. कोण कधी जन्मला, कितवं लागलं, सगळं वहीत. 'आज आपले अमुक अमुक पन्नाशीत' असं सकाळी टाकायचं. लोकांना बरं वाटायचं, मलाही.

वाद घालायची मला पहिल्यापासून खोड. गेल्या वर्षी कॉलेजची पोरं दुखण्याच्या गोळ्या नशेसाठी खातात अशी बातमी आली, तेव्हा मी तीन दिवस ग्रुप पेटता ठेवला. म्हटलं, असल्या गोळ्यांवर सरसकट बंदी घाला, ना रहेगा बांस. श्वेता म्हणून एक मुलगी आहे, आमच्या शेजारच्या महादेवपुऱ्यात औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासायचं काम करते. तिने लिहिलं, "काका, रिसर्च वेगळं सांगतो. आपल्याकडे कॅन्सरचे पेशंट या औषधांच्या भीतीनेच तडफडतात. डॉक्टर द्यायला घाबरतात, दुकानदार ठेवायला घाबरतात, घरचे घ्यायला घाबरतात. बंदी आली तर त्यांचं काय?" मी उत्तर दिलं, "पुस्तकी ज्ञान आणि व्यवहार यात फरक असतो, बाळ." त्या उत्तराला एकोणचाळीस अंगठे आले. चाळिसावे जोडलेले हात होते, माझ्या अक्काचे.

अक्का म्हणजे रत्नाबाई, माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून माझी वेणीफणी सोडून सगळं तिनेच केलं. ती शहराबाहेर आनेकलला राहायची, मुलीकडे. मुलगी संयोगिता, तिथल्याच एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. संयोगिताला ग्रुपबिप बघायला वेळ नाही, पण अक्का मात्र मोठी अक्षरं करून माझा सारांश रोज वाचायची. "जया, तुझं वाचलं की पेपर वाचायची गरज नाही," म्हणायची. माझ्या लिहिण्यावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरच्या चिठ्ठीवर नव्हता.

दिवाळीनंतर अक्काच्या पाठीच्या हाडात कॅन्सर निघाला. वय पंच्याहत्तर, डॉक्टर म्हणाले आता बरं करणं नाही, दुखू न देणं एवढंच. गोळ्या लिहून दिल्या. कुठल्या गोळ्या, कुठून आणता, मी विचारलं नाही. खरं तर अक्का एकदा सांगायला लागली होती, "जया, त्या गोळ्यांचं ना..." आणि मी मध्येच कुठल्याशा नव्या कायद्याचं पुराण लावलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. नंतर कळलं की तिला लाज वाटत होती. ज्या गोळ्यांवर भाऊ बंदी मागतो त्याच आपण खातो, हे ती भावाला कशी सांगणार.

त्या गोळ्या आनेकलमध्ये कुठलंच दुकान ठेवत नाही. परवाने, नोंदवही, तपासणी, नसता ताप. म्हणून संयोगिता बसने महादेवपुऱ्याला जायची, दयानंदकडे.

दयानंद खानापूरकडचा, आमच्या ग्रुपमधलाच. बारा वर्षांपासून मेडिकलचं दुकान. माणूस असा की गोळ्यांची पट्टी हातात देताना तुमची शाळा घेणार, 'पुरा कोर्स करा, मध्येच सोडू नका, जेवून घ्या.' गणपतीत मंडळाची औषधांची पेटी तोच भरायचा. मला अण्णा म्हणायचा.

तर तो मंगळवार. कन्नड पेपरात पाचव्या पानावर बातमी. महादेवपुरा भागात एका मेडिकलवर छापा, पीठ दाबून केलेल्या बनावट वेदनाशामक गोळ्या नशेसाठी विकल्या जात होत्या, दुकानदार दयानंद (४५) अटकेत. इथल्या गुन्ह्याच्या बातम्यांची ही रीतच आहे. आडनाव नाही, गाव नाही, नाव आणि कंसात वय. मी भराभर मराठी केलं, गुन्ह्यांच्या भागात वर टाकलं.

दोन मिनिटांत ग्रुपमधल्या उल्हासचं उत्तर आलं, "काका, हा आपला दयानंद तर नव्हे?"

आता बघा, तिथे थांबता आलं असतं. फोन उचलून दुकानात विचारता आलं असतं, दहा आकडे दाबायचे. मी काय केलं? वाढदिवसांची वही काढली. दयानंद, मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण. 'आज आपले दयानंद पंचेचाळीस' हे मीच लिहिलं होतं, केकच्या चित्रासकट. मला अगदी पोलिसी तपास केल्यासारखं वाटलं. मी लिहिलं, "नाव जुळतं. भाग जुळतो. वयही जुळतं, माझ्याकडे नोंद आहे. निष्कर्ष ज्याने त्याने काढावा."

काढला की. दुपारपर्यंत शंभरावर उत्तरं. कोणी लिहिलं तरीच त्याच्याकडे गर्दी असते, कोणी लिहिलं आमच्या आईला त्याच्याच गोळीने पित्त झालं होतं. एवढा प्रतिसाद मला तीन वर्षांत आला नव्हता. खोटं का बोलू, मजा वाटली.

बाराच्या सुमाराला दयानंदचा फोन. आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं.

"अण्णा, मी दुकानातच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अटक झालेला माणूस दुकानात बसून तुम्हाला फोन कसा करेल? तो कोणी दुसरा दयानंद आहे, पलीकडच्या रस्त्यावरचा. सकाळपासून दोघांनी घेतलेली औषधं परत आणून टाकली. अण्णा, ग्रुपवर एक ओळ टाका. एकच ओळ."

"बघतो," मी म्हणालो.

बुधवारी श्वेताने मला एकट्याला लिहिलं. सोबत इंग्रजी पेपरचं कात्रण, त्यात त्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, दुकानाचा पत्ता. "काका, हे आपले नाहीत. प्लीज एक लाइन टाका ना. तुमचंच लोक ऐकतात." मी तिला अंगठा पाठवला. म्हणजे वाचलं, एवढंच.

का नाही टाकली ती ओळ? मी हजारदा स्वतःला विचारलंय. पडलो तरी नाक वर, दुसरं काय. तीन वर्षांत दुरुस्ती नाही, आणि पहिलीच दुरुस्ती असली, तीनशे माणसांसमोर. म्हटलं, लोक दोन दिवसांत विसरतील, गुरुवारी नवीन गुन्हा येईल. आलाही. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. शुक्रवारी दयानंद ग्रुपमधून बाहेर पडला. मी वहीतून त्याचं नाव खोडलं नाही, आणि स्वतःला सांगितलं की यातच माझा मोठेपणा आहे. काय माणूस असतो बघा.

रविवारी नेहमीप्रमाणे आनेकलला गेलो. अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली. वळली तेव्हा तिचा चेहरा दिसला. आठवडाभरात ओठ सुकून पांढरे, कपाळावर घाम, आणि हात पलंगाच्या कडेला असा घट्ट धरलेला की बोटं पिवळी पडली होती. कण्हत नव्हती. मी असताना ती कधी कण्हायची नाही.

संयोगिता म्हणाली, "मामा, मंगळवारपासून असंच आहे. गोळ्या लागूच पडेनात. डॉक्टर म्हणाले डोस वाढवू."

मी अक्काच्या उशाशी बसलो. तिच्या पानाच्या डब्याशेजारी तिचा फोन होता. ती अगदी हळू म्हणाली, "जया, त्या मेडिकलवाल्याचं काय झालं रे? तू लिहिलं होतंस तो. सुटला का?"

मला वाटलं, म्हातारीला बातमीची उत्सुकता. तिला त्या दुकानाशी काय करायचंय हे मला ठाऊक नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण तो दयानंद वेगळा होता हे मला ठाऊक होतं. पाच दिवसांपासून ठाऊक होतं. तोंडावर आलं होतं, 'अगं ते चुकलं माझं.' एवढंच म्हणायचं होतं, समोर बहीण, तीनशे माणसं नव्हेत. पण मोठ्या बहिणीसमोरच माणसाला लहान व्हायचं नसतं.

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

"म्हणजे खरंच होतं ते."

"पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच."

तिने डोळे मिटले. मी तिला आरोग्याच्या दोन बातम्या वाचून दाखवल्या, गुडघ्यांवरचं कुठलं तरी नवीन संशोधन, आणि पाचच्या बसने घरी आलो.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा ती बोलायच्याही पलीकडे गेली होती. श्वास तुटक. पेज दोन चमचे, तीही ओठांवरून गळायची. मी खुर्ची ओढून पेपर उघडला, कारण दुसरं काय करावं ते मला येत नव्हतं. संयोगिता उशीचा अभ्रा बदलत होती. तिचा धक्का लागून पानाचा डबा खाली पडला. चुना, कात, सुपारीचं खांड, आणि त्याबरोबर पांढऱ्या गोळ्या. फरशीभर. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागलो. तेवीस सापडल्या, एक पलंगाखाली गेली होती ती मी झोपून काढली. दिवसाला दोन. बारा दिवस.

"आई, तू मला म्हणायचीस ठेव, चहाबरोबर घेते." संयोगिताचा आवाज फाटला. "घेतल्याच नाहीस? बारा दिवस तू नुसती सोसतेयस?"

अक्काने ओठ हलवले. आम्ही जवळ गेलो.

"त्या गोळ्या बनावट आहेत," ती म्हणाली. "त्या दयानंदच्या. पिठाच्या. जयानं लिहिलंय. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा तिथंच भांडायला गेली असतीस. पोलीस बसलेत तिथं. तुझं नाव लागलं असतं, पोरी. नोंदवहीत गोळ्या नेणारी म्हणून तुझंच नाव आहे ना."

संयोगिता उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, तुम्ही दयानंदअण्णांबद्दल लिहिलंत? परवा तर मी त्यांच्याकडून पट्टी आणली. आईसाठी त्यांनी गरम पाण्याची पिशवी दिली, तशीच."

मी अक्काचा हात धरला. "अक्का, तो वेगळा दयानंद होता. आपला नव्हे. चूक माझी. ह्या गोळ्या चांगल्या आहेत, घे."

तिने मान हलवली. नाही म्हणून. "पोरीचा जीव तुटतोय म्हणून म्हणतोयस तू. लिहिलंस ते खरं. तुझं लिहिलेलं कधी मागं घ्यावं लागलं नाही, तूच सांगायचास."

माझ्याच फुशारकीने माझं तोंड बांधलं होतं. मी काय बोललो असतो तरी ती मानणार नव्हती. तिच्या हिशेबी भाऊ बोलताना माया करतो आणि लिहिताना खरं लिहितो.

मग मी तिथेच, तिच्या पलंगाच्या कडेवर बसून, फोन काढला. तीन वेळा पुसून लिहिलं. "गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी मी मेडिकलवरच्या छाप्याची बातमी टाकली. त्यातले दयानंद आपले दयानंद नव्हेत. वय जुळलं म्हणून मी त्यांचं नाव चिकटवलं. मी विचारलं नाही. दयानंद प्रामाणिक माणूस आहे, त्यांच्या दुकानातलं औषध चोख आहे. मी त्यांची माफी मागतो. जयसिंगराव." पाठवलं.

पलंगाशेजारी अक्काचा फोन टिंग वाजला.

तिने चष्मा मागितला. संयोगिताने घातला आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. अक्का वाचायला लागली, ओठ हलवत, एकेक शब्द. मध्ये कळ आली, थांबली, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. शेवटपर्यंत वाचलं, माझं नाव आहे की नाही तेही बघितलं. मग म्हणाली, "मग दे."

संयोगिताने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले इतके दिवस खंड पडलाय, आज अर्धीच द्या, सकाळी मी येतो. अर्धी गोळी मी तिच्या जिभेवर ठेवली. पाऊण तास गेला. मग पलंगाच्या कडेवरची तिची बोटं एकेक करून सुटली, आणि ती झोपली. बारा दिवसांनी झोपली. संयोगिता स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यामागे गेलो नाही, मला ते तोंड नव्हतं.

ग्रुपवर माझ्या माफीला अकरा अंगठे आले. छाप्याच्या बातमीला शंभरावर उत्तरं होती. त्या अकरातला एक उल्हासचा, मोठ्या मनाचे काका म्हणून. मला शिसारी आली. दयानंदच्या दुकानात मी सोमवारी गेलो. त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि अक्काच्या पुढच्या गोळ्या मोजून पाकिटात घातल्या. "सकाळ-संध्याकाळ, मध्येच सोडू देऊ नका," म्हणाला. माझी माफी त्याने ऐकून घेतली. "सरी, अण्णा," एवढंच म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या बाईची चिठ्ठी घेतली. ग्रुपमध्ये तो परत आला नाही. त्याच्याकडची गर्दीही परत आली नाही, असं संयोगिता सांगते.

ते बारा दिवस मी मनात पुन्हा पुन्हा वाटून बघतो. पहिले पाच माझ्या चुकीचे. चूक माणसाची होते, म्हणू. पण पुढचे सात 'तपास चालू आहे' या तीन शब्दांचे. त्या रविवारी मी खरं बोललो असतो तर ते सात दिवस तिला सोसावे लागले नसते.

अक्का त्यानंतर सोळा दिवस होती. दुखत नव्हतं. डॉक्टरांनी बेताने डोस वाढवला, ती उशीला टेकून बसायला लागली, एकदा तर पान मागितलं. सारांश टाकणं मी बंद केलं होतं, पण तिला पेपर वाचून दाखवायला जायचो. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं, संयोगिता कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. अक्काने माझ्या हातावर हात ठेवला.

"जया, एक विचारू?"

"विचार की."

"मी तुला विचारलं होतं ना त्या रविवारी, तो मेडिकलवाला सुटला का म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. नुसतं विचारत होती, लहानपणी शाळेतून आल्यावर डबा खाल्लास का विचारायची तसं.

"नव्हतं, अक्का," मी म्हणालो. "नंतर कळलं."

"सरी," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. "मला वाटलंच. माहीत असतं तर तू सांगितलंच असतंस."

मी मान हलवली आणि पेपरचं पुढचं पान उघडलं.